‘पहिले पाऊल’ मेळावा आणि माता पालक गट : एका आजोबांचा वर्षभराच्या अनुभवानंतरचा अभिप्राय

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत ‘पहिले पाऊल’ अभियानातील शाळापूर्व तयारी मेळावा भरला, तेव्हा नातीचा हात धरून मी तिथे गेलो. माझी सून तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नोकरीला आहे आणि मुलगा पहाटेच दुधाची गाडी घेऊन निघतो, त्यामुळे दिवसभर नातीजवळ मीच असतो. मी टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. त्या सकाळपासून या मार्चपर्यंत, मेळाव्यातून तयार झालेल्या एका माता पालक गटात मी नियमाने बसत आलो आहे. या सेवेसाठी आम्हाला एक रुपयाही मोजावा लागला नाही, पण वेळ मात्र बराच दिला. ज्या सेवेसाठी माणूस आपला वेळ देतो, तिच्याविषयी चांगले-वाईट दोन्ही सांगण्याचा त्याला अधिकार आहे, असे मी मानतो. ज्यांचे मूल येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार आहे अशा आईवडिलांना, आजीआजोबांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

अभियानाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. कोरोनामुळे मार्च 2020 पासून शाळांबरोबर अंगणवाड्याही बंद झाल्या आणि 2022 च्या जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांच्या पाठीशी अंगणवाडीचा धड अनुभवच नव्हता. त्या वर्षी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने हे काम राज्यभर हाती घेतले. दाखलपात्र मुलांसाठी शाळेत दोन मेळावे घ्यायचे, एक उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एप्रिलच्या सुमारास आणि दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. आणि या दोहोंच्या मधल्या आठवड्यांत मुलाची तयारी त्याच्या घरीच, त्याच्या आईकडून करून घ्यायची, अशी त्याची रचना आहे. मेळावा हा दिसणारा भाग आहे. प्रभातफेरी निघते, तोरणे लागतात, फोटो काढले जातात. मला मात्र या सेवेचा खरा कस मधल्या आठवड्यांत दिसला.

तरीही मेळाव्याचे वर्णन सविस्तर केले पाहिजे, कारण तिथे जे घडले त्याने माझी एक मोठी समजूत दूर केली. आमच्याकडे एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते. साडेसातला आम्ही पोहोचलो तेव्हा व्हरांड्यात आणि दोन वर्गखोल्यांत मिळून सात टेबले मांडलेली होती. पहिल्यावर नावनोंदणी होती. पुढच्या पाचांवर मुलाने काही ना काही करून दाखवायचे होते: शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, आणि गणनपूर्व तयारी. शेवटच्या टेबलावर पालकांशी बोलणे होते. प्रत्येक टेबलामागे शिक्षक, अंगणवाडीताई किंवा गावातलीच शिकलेली एखादी मुलगी बसलेली होती. मुलाच्या हातात एक विकासपत्र दिलेले होते आणि मूल काय स्वतःहून करते, काय मदतीने करते आणि कशासाठी त्याला अजून बरीच मदत लागेल, याची खूण त्यावर होत होती.

माझी नात हुशार आहे असे आम्ही घरात सगळे मानत होतो, आणि त्याचा पुरावा म्हणजे ती एक ते शंभर अंक न अडखळता म्हणते. पाहुणे आले की आम्ही तिला म्हणायला लावत असू. गणनपूर्व तयारीच्या टेबलावर चिंचोक्यांचा ढीग होता. ताईंनी तिला सांगितले, ‘‘यातले सात चिंचोके मला दे.’’ तिने मूठभरून उचलले आणि ताईंच्या ओंजळीत टाकले. ताई रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. त्यांनी पुन्हा सांगितले, मग एकेक चिंचोका सरकवत मोजून दाखवले आणि पुन्हा तिच्याकडे मागितले. या वेळी तिने चार दिले. म्हणजे ‘सात’ हा शब्द तिला येत होता, सात या संख्येची ओळख नव्हती. दोन वर्षे मी स्वतः तिला अंक पाठ करून घेतले होते. टपाल कार्यालयात हजारो रुपयांचा हिशोब रोज चोख देणाऱ्या मला हा फरक कधी जाणवला नव्हता आणि तो मला एका अंगणवाडीताईने दहा मिनिटांत, माझा कोणताही अपमान न करता दाखवून दिला.

पुढे शारीरिक विकासाच्या टेबलावर कागदाची घडी घालायची होती आणि कागद फाडून चित्रावर चिकटवायचा होता. तिथेही नात अडली, कारण घरात कागद फाडला की आम्ही तिला रागावत होतो. चित्र दाखवून बोलते करण्याच्या टेबलावर मात्र तिने बाजाराच्या चित्रावर इतके बोलून दाखवले की मागे रांग लागली. सामाजिक आणि भावनिक विकासाच्या टेबलावर अनोळखी बाईंनी नाव विचारताच ती माझ्या धोतरामागे लपली. हे सगळे विकासपत्रावर उतरले. शेवटच्या टेबलावरच्या शिक्षिकेने ते पत्र माझ्यासमोर ठेवून मला सांगितले की सुट्टीत तिला पाटी-पेन्सिल धरायला लावू नका. तिला डाळ-तांदूळ वेगळे करू द्या, कपड्यांच्या घड्या घालू द्या, पायऱ्या चढताना त्या मोजू द्या, आणि रोज दुसऱ्या एखाद्या घरी निरोप द्यायला पाठवा. आयुष्यात मी अनेक पालक सभांना गेलो आहे. मुलाविषयी इतके नेमके आणि घरी जाऊन लगेच करता येईल असे काही मला आजवर कोणत्याही शाळेत कोणी सांगितले नव्हते.

याची तुलना मी ज्या दुसऱ्या सेवेशी करू शकतो, ती माझ्या थोरल्या नातवाच्या शाळेची आहे. तो तालुक्याच्या गावी एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकतो. त्या शाळेचे मोबाइल अॅप आहे. त्यावर फीची तारीख, गणवेशाची सूचना, गृहपाठ आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. तीन महिन्यांनी पालक सभा असते. रांगेत उभे राहायचे, प्रगतिपत्रकावर सही करायची, ‘लक्ष द्या’ हे दोन शब्द ऐकायचे आणि परतायचे. कशावर लक्ष द्यायचे आणि कसे, हे विचारायला मागे उभ्या असलेल्या माणसांमुळे धीर होत नाही. त्या शाळेतील शिक्षक प्रामाणिक आहेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण तिथे पालकाला बोलावले जाते ते कळवण्यासाठी. गावच्या शाळेतील या मेळाव्यात पालकाला बोलावले गेले ते काम सोपवण्यासाठी, आणि पालकांचा सहभाग या शब्दाला काही अर्थ यायचा असेल तर तो इथूनच येतो, असे माझे वर्षभराच्या अनुभवानंतरचे मत झाले आहे.

मेळावा संपल्यावर वस्तीप्रमाणे आयांचे गट पाडले गेले. आमच्या आळीच्या गटात सात घरे आली. प्रत्येक गटातून एक लीडर माता निवडायची असते. आमच्या लीडर माता नववीपर्यंत शिकलेल्या, शिवणकाम करणाऱ्या, स्वभावाने शांत पण वेळेच्या पक्क्या आहेत. दर आठवड्याला शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर त्या आठवड्याच्या कृती यायच्या आणि त्याच कृतींची आयडिया कार्डे छापील स्वरूपातही होती. सात घरांत मिळून स्मार्टफोन चारच होते, त्यांतले दोन पुरुषांबरोबर दिवसभर बाहेर असत. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारुतीच्या पाराजवळ सगळ्यांनी जमायचे, लीडर मातेने कार्ड वाचून दाखवायचे आणि मुलांकडून तिथेच एकदा करून घ्यायचे, अशी पद्धत बायकांनीच ठरवली. मी पहिल्या शनिवारी थोडा दूर बसलो. दुसऱ्या शनिवारी त्यांनीच ‘तात्या, इकडे सावलीत या’ म्हणून जवळ बोलावले.

कृती किती साध्या होत्या हे सांगितल्याशिवाय त्यांचे मोल कळणार नाही. मटकी, हरभरा आणि शेंगदाणे एका ताटात मिसळून मुलाला वेगळे करायला द्यायचे. उंबऱ्यापाशी पडलेल्या चपलांच्या जोड्या लावायला सांगायच्या. लहान-मोठ्या वाट्या क्रमाने मांडायच्या. भेंडीचा काप रंगात बुडवून कागदावर ठसे घ्यायचे. गोष्ट सांगून मध्येच थांबायचे आणि पुढे काय झाले असेल ते मुलाला विचारायचे. यांतल्या एकाही गोष्टीसाठी बाजारात जावे लागत नाही आणि बहुतेकींसाठी आईला वाचता येणे गरजेचे नाही.

हा शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. दिवाळीच्या आगेमागे येथील शेकडो जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. गटातील सातपैकी तीन आया अशा होत्या. त्यांतल्या एकीने शाळेचे तोंड पाहिलेले नाही. पहिल्या दोन शनिवारी या बाई आल्याच नाहीत. निरोप पाठवला तर ‘मला काय कळतंय शाळेतलं’ एवढेच उत्तर आले. लीडर माता त्यांच्या घरी गेल्या आणि कार्डाविषयी काही न बोलता त्यांना म्हणाल्या, ‘‘पोराला कोडी घालता येतात का तुम्हाला?’’ तिसऱ्या शनिवारी त्या आल्या आणि पाराजवळ त्यांनी एकामागून एक इतकी कोडी, उखाणे आणि पावसाची गाणी म्हटली की इतर आयांनी ती आपल्या मुलांसाठी पाठ करून घेतली. मटकीतले खडे वेगळे करायला मुलाला कसे शिकवायचे, डोळ्यांना आणि बोटांना एकाच वेळी वळण कसे लावायचे, हे सूप हातात घेऊन आयुष्य काढलेल्या त्या बाईइतके आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. शाळेने तिच्याकडे जे मागितले ते तिच्यापाशी आधीपासून होते. पालक शाळेत येत नाहीत अशी तक्रार ज्या शाळा करतात, त्यांनी पालकांकडे आजवर काय मागितले आहे, हे एकदा तपासून पाहावे अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

मूल जिथे आहे तिथे शाळेने जावे हा विचार आपल्या मातीत नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले तेव्हा आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नव्हती, म्हणून बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली गेली. आज गावोगावी उच्चारला जाणारा अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातून आला. पाराजवळच्या शनिवारी मला त्या दोघींची आठवण अनेकदा झाली.

जूनमध्ये शाळा उघडली आणि दुसरा मेळावा झाला. तीच टेबले होती, तेच विकासपत्र होते. पहिल्या मेळाव्याच्या खुणांशेजारी दुसऱ्या मेळाव्याच्या खुणा करायच्या होत्या. नातीने सात चिंचोके मोजून दिले, मग ताईंनी न मागता स्वतःहून ‘आता नऊ देऊ का’ असे विचारले. कागदाची होडी तिने केली. अनोळखी माणसाशी बोलण्याच्या टेबलावर मात्र ती पुन्हा गप्पच राहिली, आणि पत्रावर तशीच खूण झाली. दोन महिन्यांत सगळेच साधते असे मी म्हणणार नाही, आणि अभियानानेही तसा दावा करू नये. पण पहिल्या मेळाव्यात रडून बाहेर पळालेला, ऊसतोडीच्या फडावर वाढलेला एक मुलगा या वेळी सातही टेबले एकटा फिरून आला आणि त्याची आई दाराशी उभी राहून ते पाहत होती, हे दृश्य मी विसरणार नाही.

आता उणिवांकडे वळतो. मी लिहितो आहे तो अनुभव एका गावाचा आहे आणि इतर शाळांत चित्र वेगळे असू शकते.

पहिली उणीव नोंदणीची. आमच्या शाळेत नोंदणीच्या कागदावर फक्त आईचे नाव आणि आईचा फोन क्रमांक घेतला गेला. माझी सून कामावर असताना फोन पाहू शकत नाही. त्यामुळे सुरुवातीचे तीन आठवडे सूचना आमच्या घरी रात्री नऊनंतर कळत होत्या, आणि मूल ज्याच्याजवळ दिवसभर असते त्या माझा क्रमांक शाळेकडे नव्हता. तो गटात घ्यावा म्हणून मी दोनदा विनंती केली. ‘हा मातांचा गट आहे’ असे उत्तर मिळाले, आणि अखेर लीडर मातेने आपल्या जबाबदारीवर तो घातला. आयांना या कामात पुढे ठेवण्यामागचा विचार मला समजतो आणि मान्यही आहे. गावात बाईला चार बायकांबरोबर मोकळेपणाने बसण्याची जागा या निमित्ताने मिळते. पुरुष आले तर बायका बोलतील की नाही, ही शंका रास्त आहे. तरीही ‘घरी मुलाजवळ दिवसभर कोण असते’ असा एक रकाना त्या कागदावर असायलाच हवा. आजी, आजोबा, मोठी बहीण, मावशी, जे कोणी असेल त्याचे नाव तिथे आले पाहिजे.

वडिलांचे तर नावच कुठे आले नाही. मे महिन्यात ऊसतोडीहून परतलेले बाप गावातच होते आणि संध्याकाळी त्याच पारावर पलीकडच्या बाजूला बसलेले असत. आपले पोर वाट्या मांडताना ते पाहत होते, काही जण कौतुकाने हसतही होते, पण त्यांना कोणी हाक मारली नाही आणि ते स्वतःहून आले नाहीत. पावसाची वाट पाहणारे, हाताला काम नसलेले ते सहा आठवडे बापाने मुलाला बैलगाडीच्या चाकाचे आरे मोजायला शिकवण्यासाठी किती सोयीचे होते! मी एकदा एका तरुण बापाला बोलावून गोष्ट सांगायला लावली. त्याने फडावर रात्री आलेल्या कोल्ह्याची खरीखुरी हकिकत सांगितली आणि सातही मुले त्याच्याभोवती सरकून बसली.

दुसरी उणीव साहित्याची. छापील कार्डे आमच्या गटापर्यंत पुरेशी आली नाहीत. शाळेने छायाप्रती काढून दिल्या, पण त्यांतली चित्रे काळी उमटली होती आणि ज्या आईला वाचता येत नाही तिला चित्राचाच आधार असतो. ही सुधारणा फार खर्चाची नाही.

तिसरी उणीव मोठी आहे, आणि माझी खरी नाराजी तिच्याविषयी आहे. शाळा सुरू झाली आणि जुलैपासून आठवड्याचा संदेश येणे थांबले. आमची शाळा द्विशिक्षकी आहे. चार वर्ग, दोन शिक्षक, आणि त्यांतल्या एका बाईंकडे बहुतेक दिवशी माहिती भरण्याचे काम. त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. पण ज्या आयांनी दोन महिने मुलाची तयारी करून घेतली, त्यांना शाळेने जुलैमध्ये पुन्हा दाराबाहेर उभे केले, अशी भावना गटात निर्माण झाली. मूल वर्गात गेले की आईचे काम संपले, असा अर्थ त्या शांततेतून निघत होता. जुलै आणि ऑगस्ट असे दोन महिने पार रिकामे गेले. सप्टेंबरमध्ये लीडर माता आणि आणखी दोघी जणी शाळेत गेल्या आणि त्यांनी बाईंना एवढेच सांगितले की, ‘‘वर्गात या आठवड्यात काय घेतलंय ते आम्हाला शुक्रवारी एका ओळीत कळवा, बाकीचं आम्ही बघतो.’’ तेव्हापासून शुक्रवारी एक ओळ येते. कधी ‘क, म, ल ही अक्षरे’, कधी ‘वीसपर्यंत वस्तू मोजणे’. त्यावरून शनिवारी घरातल्या वस्तू जमवून खेळ रचला जातो. पहिल्या दोन महिन्यांत कार्डावरून करणाऱ्या आया आता स्वतः कृती तयार करतात. शाळेकडून लागते ती फक्त एक ओळ, आणि ती दोन मिनिटांत लिहून होते.

दिवाळीनंतर त्या तीन आया ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेल्या. एका मुलाला आईवडिलांबरोबर जावे लागले, दोघे आजीजवळ गावात राहिले. तेव्हा त्या दोन्ही आज्या गटात येऊ लागल्या आणि खरे सांगायचे तर गटाचा सर्वांत चांगला काळ तिथून सुरू झाला. आज्यांना घाई नसते. त्या मुलाला चुकू देतात. मोजताना एक चिंचोका सुटला तर ‘अगं बाई, एक कुठं गेला’ म्हणून त्या त्याच्याबरोबर शोधत बसतात. माता पालक गट हे नाव कायम ठेवूनही त्यात आज्यांना रीतसर जागा द्यावी, ही सूचना ऊसतोडीच्या पट्ट्यातील प्रत्येक गावाला लागू पडेल असे मला वाटते.

या गटाचा एक परिणाम मी अपेक्षिला नव्हता. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे कायद्याने ठरवून दिलेले काम आहे. आमच्या गावातही समिती होती आणि कागदावर तिच्यात बायका होत्या; पण बैठकीचे रजिस्टर घरी पाठवून सह्या घेतल्या जात. एका सभासद बाईला आपण समितीत आहोत हे सही करताना कळले होते. यंदा गटातील दोघी जणी समितीवर आल्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलेला प्रश्न हंगामी वसतिगृहाचा होता. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले गावात मागे राहावीत म्हणून आमच्या जिल्ह्यात अशी वसतिगृहे शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालवली जातात. टोळ्या निघून गेल्यावर वसतिगृह सुरू होऊन उपयोग नसतो. आईवडील निघण्याआधी मुलाच्या जेवणाची आणि सांभाळाची खात्री पटली तरच ते त्याला मागे ठेवतात. हा प्रश्न समितीत नेमक्या वेळी कोण विचारू शकते? ज्या बाईने उन्हाळाभर त्या मुलांना पाराजवळ एकत्र बसवले, तिला कोणते मूल जाणार आणि कोणते राहणार हे यादी न पाहता ठाऊक होते. ठराव त्याच बैठकीत लिहिला गेला आणि रजिस्टरवर सह्या शाळेतच झाल्या. जे मूल टोळीबरोबर गेले त्याच्यासाठी ठराव उशिरा झाला, ही खंत त्या दोघींच्या मनात आहे आणि यंदा दसऱ्यापूर्वीच बैठक बोलवायची असे त्यांनी ठरवले आहे.

गुण द्यायचे झाले तर पहिल्या मेळाव्याला मी पाचपैकी पाच देईन, सुट्टीतल्या कृतींना साडेचार, आणि जूननंतरच्या पाठपुराव्याला दोन. त्या दोनांतलाही बराचसा भाग गटातील बायकांचा आहे.

ज्यांच्या घरी या वर्षी दाखलपात्र मूल आहे, त्यांना माझे सांगणे असे आहे. मेळाव्याला मुलाला शेजाऱ्यांबरोबर पाठवू नका. दिवसभर जे त्याच्याजवळ असते त्याने स्वतः जावे, मग ती आजी असो की मामा. टेबलावर मूल अडले तर मागून उत्तर सांगू नका. विकासपत्राचा फोटो काढून घ्या, कारण जूनमध्ये दोन खुणा शेजारी ठेवून पाहण्यात जे कळते ते कोणी तोंडी सांगून कळत नाही. शेवटच्या टेबलावर घाई करू नका आणि आपल्या मुलाबरोबर सुट्टीत नेमके काय करायचे, हे विचारल्याशिवाय उठू नका. आपला स्वतःचा फोन क्रमांक नोंदवला गेला आहे का, ते पाहा. आणि जूनमध्ये शाळा उघडताना वर्गशिक्षकांकडून शुक्रवारच्या एका ओळीचा शब्द घेऊन ठेवा.

आमच्या शाळेने यंदाच्या मेळाव्यासाठी गटातील सगळ्यांना मदतीला बोलावले आहे. नोंदणीच्या कागदावर तो नवा रकाना हाताने आखून घेण्याचे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे. माझ्याकडे गणनपूर्व तयारीचे टेबल आले आहे, आणि नात रोज संध्याकाळी चिंचोके दहा-दहाच्या पुरचुंड्यांत बांधून ठेवते आहे.